कुऱ्हाड नीट उमटली पाहिजे

दिवाळी आटोपते, धान कापणीला येतं आणि वडशात नाटक कंपन्यांची लगबग सुरू होते. वडसा म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वेचं गाव. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचा कारभार इथून चालतो. गावोगावची मंडळं मंडईच्या जत्रेसाठी, शंकरपटाच्या बैलशर्यतींसाठी इथे येतात, नाटक ठरवतात आणि तारीख पक्की करून जातात. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

तारीख ठरली की पहिलं काम निघतं पाम्प्लेटचं. नाटकाचं नाव, नटांचे फोटो, मंडळाचं नाव, स्थळ, वेळ, तिकिटाचे दर, देणगीदार, हे सगळं एका कागदावर बसवायचं आणि तेही लवकर. चंद्रपूर-गडचिरोलीत ग्राफिक डिझाइन शिकू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी याहून चांगला पहिला धडा मला सुचत नाही. कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्या दिवशी परदेशी कॉफीच्या दुकानाचा लोगो काढायला सांगतात. ज्या दुकानात आपण कधी पाय ठेवला नाही, त्याचं गिऱ्हाईक काय बघतं हे आपल्याला कसं कळणार? नाटकाचं गिऱ्हाईक मात्र घरातच असतं. आजीला विचारावं, "तुला यातलं आधी काय दिसलं?"

तर समजा, धानोरा तालुक्यातली एक मुलगी आहे. एमएस-सीआयटी झालं आहे, आयटीआयमध्ये 'कोपा'चा एक वर्षाचा ट्रेड चालू आहे, हातात फोन आहे आणि आठवड्यातून काही तास कॉम्प्युटर मिळतो. गावच्या मंडळाने तिला सांगितलं, "बाई, यंदाचं पाम्प्लेट तूच कर." नाटकाचं नाव मी मुद्दाम 'कुऱ्हाड' असं धरते. का, ते पुढे कळेल.

ती पहिल्यांदा काय करेल, ते सांगता येतं, कारण आपण सगळे तेच करतो. सगळा मजकूर एकाच आकारात, सगळा ठळक, तीन रंगांत, प्रत्येक ओळीला वेगळा फॉन्ट आणि मोकळी जागा दिसली की तिथे एक फूल. प्रत्येकाला आपलं नाव मोठं हवं असतं, म्हणून सगळीच नावं मोठी होतात आणि कोणतंच वाचलं जात नाही. डिझाइनचं पहिलं तत्त्व म्हणजे क्रम: डोळा आधी कुठे जावा, मग कुठे, शेवटी कुठे. नाटकाच्या पाम्प्लेटवर हा क्रम सरळ आहे. आधी नाव, मग गाव आणि तारीख, मग नट, मग बाकी सगळं. तारीख आणि स्थळ देणगीदारांच्या यादीत हरवलं, तर छपाईचा पैसा पाण्यात गेला.

इंग्रजीवाल्यांना हा क्रम दाखवायला एक आयती सोय असते, कॅपिटल अक्षरं. देवनागरीत मोठी लिपी-लहान लिपी असा भेद नाही. आपल्याकडे उरतात ती साधनं म्हणजे आकार, जाडी, रंग आणि मोकळी जागा. शेवटचं साधन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरलेलं. नावाभोवती बोटभर कोरा कागद सोडला तर ते नाव दुप्पट मोठं केल्यासारखं दिसतं. मंडळाचे लोक म्हणतील, "एवढी जागा वाया घालवली." तेव्हा तिने दोन्ही कागद भिंतीला लावून त्यांना वीस पावलं मागे न्यावं आणि वाचायला सांगावं.

नाटकाच्या नावाचं अक्षर हा तर मराठीतला स्वतंत्र आणि फार समृद्ध विषय आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी आयुष्यभर नाटकांची आणि मासिकांची नावं हाताने रेखाटली. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नुसतं नाव पाहून नाटक विनोदी की गंभीर हे ओळखता यावं, इतका स्वभाव त्या अक्षरांत असे. त्यांच्या काळी कॉम्प्युटर नव्हता म्हणून त्यांनी हाताने काढलं, असं समजू नये. अक्षर हाताने काढलं की त्याचे कोपरे, जाडी, काना कुठे संपतो, वेलांटी कुठे वळते हे बोटांना कळतं, आणि मग फॉन्ट निवडताना डोळा फसत नाही. आमच्या मुलीनेही 'कुऱ्हाड' हा शब्द आधी रुंद निबाच्या कटपेनने पन्नासदा लिहावा.

फोटोंची अडचण वेगळी. नटांचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात आणि तिथे ते आक्रसलेले असतात. स्क्रीनवर छान दिसणारा फोटो छापला की धुरकट का होतो? कारण फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची चटई. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, असा प्रघात आहे. ए-फोर कागद पूर्ण भरायचा तर २४८० बाय ३५०८ ठिपके हवेत. आलेला फोटो ८०० ठिपके रुंद असेल, तर तो पावणेतीन इंचही भरत नाही. ताणला की प्रत्येक ठिपका चौकोन होऊन दिसतो. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितला की मूळचे ठिपके शाबूत येतात. एवढी एक गोष्ट कळली तरी अर्धं काम सुधारतं. चौकातल्या फ्लेक्सला मात्र इंचाला ३०० ठिपके लागत नाहीत. तो लांबून बघायचा असतो, तिथे शंभर किंवा त्याहूनही कमी चालतात.

अक्षरं आणि चिन्हं ठिपक्यांची नसावीत, रेषांची असावीत. कोरलमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये काढलेली आकृती ही गणिताने लिहिलेली रेषा असते: इथून निघ, असं वळ, तिथे थांब. ती टपालाच्या तिकिटाएवढी करा नाहीतर भिंतीएवढी, कड फुटत नाही. फोटो ठिपक्यांचा, लोगो रेषांचा, हा भेद पहिल्याच आठवड्यात पक्का व्हावा.

रंगांचंही असंच. फोनचा पडदा लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून रंग बनवतो. प्रत्येकाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक रंग. छापखाना प्रकाश मिसळत नाही, शाई मिसळतो: निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी. प्रकाशात बनलेला झगझगीत पोपटी रंग शाईत सापडतच नाही. म्हणून प्रूफ पाहून "रंग असा कसा मेला?" असं म्हणायची वेळ येते. बारीक मजकूर नुसत्या काळ्या शाईत ठेवावा. चारही शाया मिसळून केलेला काळा रंग, एक प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांना सावल्या देतो. कडेपर्यंत रंग न्यायचा असेल तर कागदाबाहेर तीन मिलिमीटर जास्तीचा ठेवावा, नाहीतर कटिंगमध्ये पांढरी रेघ राहते. आणि कागदाबद्दल एक गोष्ट इथल्या प्रत्येक मुलीला माहीत असावी असं मला वाटतं. बल्लारपूरच्या कागद कारखान्याने याच जंगलातल्या बांबूचा लगदा करून वर्षानुवर्षं देशाला कागद पुरवला आहे. पाम्प्लेटचा धंदा आपल्याकडे बाहेरून आलेला नाही.

आता चित्राकडे येते, कारण इथे होणारी एक चूक मला मनापासून टोचते. 'आदिवासी' असं काही दाखवायचं झालं की लोक इंटरनेटवरून वारली चित्र उतरवतात. वारली चित्रं पालघर-ठाणे भागातली. कोणी थोडं पुढे जाऊन ठिपक्या-रेघांनी भरलेली 'गोंड पेंटिंग' घेतं. ती शैली जगापुढे आली मध्य प्रदेशातल्या पाटणगडच्या जनगढ सिंह श्याम (१९६२–२००१) यांच्यामुळे. दोन्ही कला थोर आहेत, पण भामरागडच्या माडिया घरावर वारली नाच चिकटवणं म्हणजे कोकणातल्या घराला लडाखची खिडकी लावणं. डिझाइनरने आपल्या भोवती पाहावं. चंद्रपूरच्या किल्ल्याच्या वेशींवर, जटपुरा दरवाजावरसुद्धा, हत्तीवर झेपावलेला सिंह कोरलेला आहे. गोंड राजांचं हे चिन्ह. लोगो म्हणजे काय, हे शिकवायला एवढं पुरे: एकच आकृती, लांबून ओळखू येणारी, अक्षर न वाचता "हे कोणाचं" ते सांगणारी, शतकानुशतकं टिकलेली. रंग हवे असतील तर आरमोरी-नागभीडचा न रंगवलेला कोसा बघावा, मोहाचं फूल बघावं, दगडी कोळसा बघावा.

पाम्प्लेट छापून झालं. मंडळ म्हणतं, "आता हे इंटरनेटवरही टाक." इथून वेब डिझाइन सुरू होतं, आणि इथेच आमची मुलगी अडखळते. दुकानात मजकूर कृतीदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो उचलून वेबपेजवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा कचरा होतो. हे का होतं? जुन्या फॉन्टांमध्ये कॉम्प्युटरला मराठी ठाऊकच नसे. फॉन्ट त्याला फसवायचा. 'डी' हे इंग्रजी अक्षर साठवलं जायचं, फक्त त्याच्या जागी 'क'चं चित्र दिसायचं. कृतीदेवमधला 'मराठी' हा शब्द फॉन्टचा बुरखा काढून पाहिला तर आत ई, जे, के, बी, एच एवढंच असतं. श्रीलिपी, आकृती यांचे जुने फॉन्ट आपापल्या पद्धतीने हेच करायचे, आणि एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. गुगललाही कळत नाही, म्हणून असा मजकूर शोधून सापडत नाही.

यावरचा इलाज म्हणजे युनिकोड. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा, मग फॉन्ट कोणताही असो. 'क'चा क्रमांक २३२५. देवनागरीसाठी १२८ जागांचा एक पट्टा आहे. 'मराठी' शब्दात पाच खुणा साठतात: म, र, काना, ठ, वेलांटी. त्या जोडून कशा दाखवायच्या, हे फॉन्टमधले नियम ठरवतात. विंडोजमध्ये युनिकोड मराठी पहिल्यांदा ज्या अक्षरांत घरोघरी पोचली, तो 'मंगल' फॉन्ट रचला होता र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी. ते सुलेखनकार, कवी आणि मुंबई आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातले शिक्षक. दगडावर, कागदावर, धातूच्या खिळ्यांत वाढलेली लिपी पडद्यावर आणताना तिचा कणा मोडू नये, यासाठी झिजलेला हा माणूस. डिझाइनच्या वर्गांत जर्मन आणि स्विस नावं घोकून घेतात, तिथे हे नाव आधी यावं.

आणि आता कुऱ्हाड. या शब्दातला 'ऱ्ह' पाहा. अर्धा र कधी डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी अक्षराच्या आधी आडवा वळसा घेतो. मराठीत हा भेद अर्थ बदलतो. 'आचार्यांना' बोलावलं तर गुरुजी येतील, 'आचाऱ्यांना' बोलावलं तर स्वयंपाकी. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरात. हिंदीला हा वळसा लागत नाही, म्हणून दिल्लीकडे बनलेल्या कित्येक फॉन्टांत तो वेडावाकडा किंवा गायबच असतो, आणि कुऱ्हाडीच्या डोक्यावर रफार चढतो. युनिकोडमध्ये यासाठी नुक्त्याचा वेगळा ऱ आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह 'जे' दाबला की तो येतो, पुढे हलन्त आणि ह. आपल्या भागाला तर याची रोजची गरज, 'वरोऱ्याला जातो' एवढं लिहायचं तरी हाच ऱ लागतो. फॉन्ट निवडताना 'कुऱ्हाड', 'वरोऱ्याला', 'एटापल्ली', 'चंद्रपूर' हे चार शब्द टाइप करून पाहावेत. चारही नीट उमटले तर फॉन्ट ठेवावा. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेले मुक्ता आणि बलू हे फॉन्ट या कामाला चांगले आहेत. परवाना मुक्त आहे, पैसे लागत नाहीत. मुक्ता सात जाडींत मिळतो, म्हणजे कॅपिटल अक्षरांची उणीव त्याने भरून निघते.

जुन्या फोटोशॉपमध्ये वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते, जोडाक्षरं सुटी होतात. तो फॉन्टचा दोष नसतो. सेटिंगमध्ये मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई भाषांसाठीचं निवडलं की ते सुधारतं. ही एक गोष्ट कोणी सांगितली नाही म्हणून "मराठीत डिझाइन जमतच नाही" असं मानून बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

वेबपेज म्हणजे मुळात साधी टेक्स्ट फाइल. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत वेब रचलं, पहिली साइट १९९१ मध्ये लोकांसाठी खुली झाली, आणि ३० एप्रिल १९९३ ला संस्थेने ते तंत्र सगळ्यांना मोफत देऊन टाकलं. त्याची एचटीएमएल भाषा मजकुराला फक्त त्याचं काम सांगते: हे मुख्य शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा फोटो. दिसायचं कसं, ते दुसरी भाषा सांगते, सीएसएस. ती होकोन विउम ली या नॉर्वेच्या माणसाने १९९४ मध्ये सुचवली. पाम्प्लेटवर जो क्रम डोळ्यांनी लावला, तोच इथे शब्दांनी लावायचा. नाटकाचं नाव मुख्य शीर्षक, तारीख-स्थळ दुय्यम, नट ही यादी. म्हणून मी पाम्प्लेट आधी करायला सांगितलं.

हे शिकायला नेटवर्क लागत नाही, ही गोष्ट आमच्या भागात फार मोलाची आहे. नोटपॅडमध्ये फाइल लिहिली, ब्राउझरमध्ये उघडली, झालं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हाही हा अभ्यास चालू राहतो. बघणाऱ्याचं नेटवर्क मात्र लक्षात ठेवायला हवं. चार एमबीचा फोटो सेकंदाला शंभर किलोबिटच्या रडतखडत नेटवर्कवर उतरायला पाच मिनिटांहून जास्त लागतात. तोच शंभर केबीचा करून टाकला तर आठ सेकंद. एवढ्या फरकावर कोणी नाटकाची तारीख वाचतं किंवा फोन खिशात ठेवतं.

इंग्रजी व्हिडिओ पाहून शिकलेल्या मुलांचं पेज मराठीत का बिघडतं, त्याची कारणं ठरलेली आहेत. ती मुलं ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवतात. आपल्या अक्षराला वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि खाली उकार, तेव्हा अंतर जास्त हवं, अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा थोडं अधिक. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून ती अक्षरांमध्ये जागा सोडायची आज्ञा देतात. इंग्रजीला ते शोभतं, आपली शिरोरेघ मात्र तुकडे तुकडे होऊन तुटते. तिरकी अक्षरंही आपली नव्हेत. फॉन्टमध्ये ती नसली की ब्राउझर सरळ अक्षरांना ढकलून तिरकं करतो, आणि कान्याला पोक येतं. जोर द्यायचा असेल तर जाडी वाढवावी.

आणखी एक. पेजच्या सुरुवातीला भाषा सांगण्याची जागा असते, तिथे मराठीची दोन अक्षरी खूण, एम-आर, लिहावी. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये काढलेल्या निर्णयांत मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितले आहेत. काही फॉन्टांत हिंदी आणि मराठी दोन्ही वळणं भरलेली असतात, आणि भाषेची खूण दिसली की ते मराठी वळण बाहेर काढतात. चार-सहा अक्षरांची ती आज्ञा लिहिली की 'गडचिरोली'तला ल आपला होतो. शाळेत बाईंनी गिरवून घेतलेलं अक्षर पडद्यावर दिसलं की किती बरं वाटतं, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

पाम्प्लेटचा फोटो काढून पेजवर चिकटवणं हा सोपा रस्ता आहे, आणि बहुतेक जण तोच घेतात. पण चित्रातली अक्षरं ही अक्षरं नसतात. ती शोधता येत नाहीत, मोठी करता येत नाहीत, आणि फोन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांच्यापाशी मुकं होतं. वरोऱ्याच्या आनंदवनात अंध मुलांची शाळा आहे. तिथल्या मुलाला नाटकाची वेळ आपल्या फोनवर ऐकता यावी, म्हणून मजकूर मजकूर म्हणूनच लिहायचा आणि प्रत्येक फोटोमागे त्याचं एका वाक्यातलं वर्णन ठेवायचं.

इथपर्यंत आलेल्या मुलीला एक काम मी मुद्दाम देईन. तिच्या आजीची भाषा गोंडी. गोंडीला स्वतःच्या लिप्या आहेत. एक मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली, दुसरी आपल्या सीमेपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात जुन्या हस्तलिखितांत सापडलेली. मसराम गोंडी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाली. म्हणजे या अक्षरांनाही आता 'क'सारखेच कायमचे क्रमांक आहेत. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा-लेखा या गावाने देशाला ऐकवलेली घोषणा तिने आपल्या पेजच्या तळाशी यांपैकी एका लिपीत लिहावी: मावा नाटे मावा राज, आमच्या गावात आमचं राज्य.

पहिल्यांदा तिला नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतील. फोनमध्ये त्या लिपीचा फॉन्ट नसतो. या चौकटींना डिझाइनवाले टोफू म्हणतात, आणि त्या कुठेच दिसू नयेत म्हणून गुगलने केलेल्या फॉन्टकुळाचं नावच 'नोटो', म्हणजे टोफू नको. त्यात दोन्ही गोंडी लिप्यांचे फॉन्ट आहेत, फुकट. निवडलेल्या लिपीचा फॉन्ट उतरवून पेजच्याच फोल्डरमध्ये ठेवायचा, सीएसएसमध्ये त्याचं नाव-गाव सांगणारी ओळ लिहायची आणि पेज पुन्हा उघडायचं. वर 'कुऱ्हाड', मध्ये तारीख आणि नट, आणि तळाशी चौकटींच्या जागी आजीच्या भाषेची अक्षरं. फोनवर नेटवर्कची एकही काडी नसली तरी.